पटाला झूम, नाटकाला फिफ्टी

कॅननच्या छोट्या सेन्सरवाल्या कॅमेऱ्यासोबत १८-५५ची किट लेन्स आलेली असते. दुसरी घ्यायची तर ५० एमएम एफ/१.८ (म्हणजे ‘फिफ्टी’; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) की लांबचं जवळ आणणारी ५५-२५० झूम? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत याचा निकाल एका दिवसात लागतो, कारण दिवाळीनंतर गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक असतं.

पटात दोरीच्या आत जायचं नाही. जोडी सुटली की किट लेन्समध्ये बैल शेळ्यांएवढे दिसतात आणि फिफ्टीनेही फारसा फरक पडत नाही. ५५-२५०चं २५० म्हणजे छोट्या सेन्सरच्या १.६ पटीच्या हिशेबाने ४०० एमएमचा आवाका. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचे आवळलेले दात, बैलाच्या तोंडचा फेस, सगळं चौकटीत येतं. हिवाळ्याचं ऊन भरपूर, त्यामुळे एफ/५.६ वरही १/१००० सेकंदाचा शटर मिळतो. गोंदियाकडे भाताच्या बांधीत सारस दिसला तरी हीच लेन्स. पक्षी माणसाएवढा उंच, म्हणून २५० पुरतं. खंड्यासाठी ते कमीच.

रात्री मात्र सगळं उलटतं. एफ/१.८ वर एफ/५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत येतो. झूमला जिथे १/१५ मिळतो, तिथे फिफ्टीला १/१२५ च्या पुढचा. झूममध्ये स्टॅबिलायझर आहे हो, पण तो आपला हात सावरतो, लावणीतली गिरकी नाही. विक्रेते हे सांगत नाहीत. फिफ्टीचीही एक अडचण आहे: तीन मीटरवरून एफ/१.८ वर जेमतेम वीतभर खोली स्पष्ट येते. दोन पात्रांपैकी एक पाऊलभर मागे असलं की ते पुसट. मग एफ/२.८ वर यायचं आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायचा. शिवाय जागा पुढची हवी, वाजंत्र्यांच्या शेजारची. मागच्या रांगेतून फिफ्टी काही कामाची नाही.

घरात किटच बरी. ओसरीवर अख्खं कुटुंब घ्यायचं तर फिफ्टी घेऊन मागे सरकता सरकता भिंत लागते. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदीही किट २५ सेंटीमीटरवरून टिपते, फिफ्टीला ३५ लागतात, झूमला तर ८५.

माझं मत फिफ्टीला. गावात फोटो बहुतेक माणसांचे, तेही संध्याकाळनंतरचे, आणि ती झूमपेक्षा स्वस्तही पडते. पट आणि पक्षी हाच नाद असेल तर झूम घ्या, नाटकाची हौस मग सोडून द्या. दोन्ही घेतल्या तरी पटाच्या धुळीत लेन्स बदलू नका; सेन्सरवरचे ठिपके पुढच्या प्रत्येक फोटोत येतात.

जुनी घेताना काचेतून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. निकॉनवाल्यांनी आणखी एक बघायचं: डी३५०० किंवा डी५६०० असेल तर ‘एएफ-एस’ लिहिलेलीच फिफ्टी घ्या. जुन्या ‘डी’ प्रकारच्या लेन्सवर या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस चालत नाही.