घरच्या टीव्हीवर मुलांना काय लावून द्यावे? गोव्यातल्या पालकांसाठी चार पर्यायांची तुलना

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पालकसभा संपली की दोन-चार आया हमखास थांबतात आणि एकच विचारतात: मुलाला कार्टूनवरून उठवून काहीतरी चांगले दाखवायचे आहे, तर नेमके काय घ्यावे? दूरदर्शनच्या फ्री डिशवर भागेल का? डिस्कव्हरीचा रिचार्ज मारावा का? की एखाद्या ओटीटीचे पैसे भरावेत? यूट्यूबवर सगळे फुकट असताना पैसे घालवायचेच कशाला?

माझे मत आधीच सांगते. चित्र किती भव्य आहे, प्राणी किती जवळून दिसतो, यावर निवड करू नका. निवेदन कोणत्या भाषेत आहे आणि कार्यक्रम मधेच थांबवता येतो का, या दोन गोष्टी आधी बघा. आपल्याकडच्या सरकारी प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून चालतात आणि पाचवीत गेल्यावर बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जाऊन बसतात. चौथीपर्यंत विज्ञान, भूगोल सगळे घरच्या भाषेत आणि जूनमध्ये एकदम परक्या भाषेत! हा सांधा मुलांना फार जड जातो. घरच्या टीव्हीचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो, आणि पुढची सगळी तुलना मी याच नजरेने केली आहे.

फ्री डिशपासून सुरुवात करू. एकदा छत्री आणि सेट टॉप बॉक्स बसवला की महिन्याचे भाडे नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम ई-विद्या योजनेत पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक अशी १२ चॅनेल सुरू केली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ती २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. पण ही चॅनेल म्हणजे माहितीपट नव्हेत, ते वर्गातले पाठ आहेत. समोर शिक्षक, मागे फळा किंवा स्लाइड आणि विषय एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पाठ्यपुस्तकातला. तिसरीतले मूल त्यापुढे दहा मिनिटे बसले तरी पुष्कळ. नववी-दहावीच्या मुलांचे मात्र वेगळे आहे. गोवा बोर्डाला विज्ञान आणि गणिताची पुस्तके एनसीईआरटीचीच असल्याने पाठ धड्याला धडा जुळतो, आणि वर्गात निसटलेले प्रकरण घरी पुन्हा ऐकायला मिळते. ज्या घरात शिकवणी परवडत नाही, तिथे याची किंमत फार मोठी आहे.

लहानांसाठी याच प्रकारातले एक चांगले काम मराठीत झालेले आहे. टाळेबंदीत, २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ नावाची मालिका लागायची. ती महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली असल्याने आपल्या पुस्तकांशी धडे जुळत नाहीत, पण म्हणून ती सोडू नका. मुलांनी घरातल्या आणि परसातल्या वस्तू घेऊन काहीतरी करून बघायचे, अशी तिची रीत आहे आणि मराठी अगदी घरगुती आहे. पहिली-दुसरीच्या मुलासाठी मी आजही तिचेच नाव आधी घेते.

छत्रीची एक अडचण गोव्यात राहणाऱ्याला सांगायला हवी. या चॅनेलांचे सिग्नल ज्या लहरींवर येतात त्या पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, विखुरतात. जून-जुलैत वाळपई-सांगे भागात पावसाने धुमाकूळ घातला की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा निळा. मुले घरात कोंडलेली असतात ती नेमकी याच दिवसांत. पैसे भरून घेतलेल्या डिशचेही हेच होते. केबल त्या मानाने टिकते, लाईट गेली नाही तर.

आता पैसे भरायच्या चॅनेलांकडे येऊ. डिस्कव्हरी आपल्याकडे १९९५ पासून आहे, नॅशनल जिओग्राफिक १९९८ पासून, सोनी बीबीसी अर्थ २०१७ पासून. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१९ च्या नियमांपासून ही चॅनेल पॅकेज न घेता सुटी निवडता येतात. केबलवाला पॅकेजच गळ्यात मारत असेल तर सुट्या दरांची यादी मागा. ती मागायचा तुमचा हक्क आहे.

तिन्हींत निवडायचे तर मुलांसाठी माझा कौल बीबीसी अर्थला. कारण साधे आहे, तिथे निसर्ग आणि विज्ञानाचे प्रमाण जास्त आहे. बाकीच्या दोन्हींवर उत्तम माहितीपट लागतात, पण त्यांच्या अधेमधे जंगलात तगून राहण्याचे खेळ, गाड्यांची दुरुस्ती, सोन्याच्या शोधातली माणसे, रहस्ये असले कार्यक्रमही भरपूर असतात. ते वाईट आहेत असे नाही, पण त्यांतून शिकण्यासारखे थोडे आणि ओढून ठेवणारे जास्त. चॅनेल घेतले म्हणजे माहितीपट मिळाला, असे होत नाही. संध्याकाळी सातला मूल टीव्हीसमोर बसेल तेव्हा काय लागलेले असेल ते नशिबावर. शिवाय चालू कार्यक्रम थांबवून “हे काय म्हणाले बघ” असे सांगता येत नाही. जाहिरात लागते तेव्हा बोलायचे, तेवढ्यात मूल उठून गेलेले असते.

भाषेचे म्हणाल तर हिंदी आणि इंग्रजी हे दोन आवाज बहुधा मिळतात. रिमोटवर भाषेचे बटण असते, ते दाबून पाहा. पुष्कळ घरांत ते बटण कुणी कधी दाबलेलेच नसते. हिंदी डबिंगबद्दल माझी तक्रार आहे. इंग्रजीत निवेदक जिथे गप्प बसतो आणि चित्राला बोलू देतो, तिथे हिंदीत पुष्कळदा थरार भरून टाकतात. साप दिसला की आवाज चढलाच. मुलाला मग प्रत्येक प्राणी खुनी वाटायला लागतो. आपल्या घराच्या कौलांत धामण निघते, विहिरीवर विरोळा दिसतो. साप म्हटले की काठी शोधणारी पिढी आपल्याला पुन्हा घडवायची नाही.

ओटीटीवर माझा सगळ्यांत जास्त भर आहे, कारण वर म्हटलेल्या दोन्ही गोष्टी तिथे जमतात. आवाज बदलता येतो, खाली अक्षरे लावता येतात, हवे तिथे थांबता येते. मोबाइलवर डाऊनलोड करून ठेवले तर रेंज नसली तरी चालते. टाळेबंदीत सांगे तालुक्यातली मुले रेंज शोधत डोंगर चढायची, ते आपण पाहिले आहे. तिथल्या घरांना डाऊनलोडची ही सोय म्हणजे मोठाच आधार.

पाचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी आवाज आणि इंग्रजीच अक्षरे लावून द्या. आवाज एका भाषेत आणि अक्षरे दुसऱ्या भाषेत, असे नको. ऐकलेला शब्द त्याच क्षणी लिहिलेला दिसला की वाचन सुधारते. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याच कल्पनेवर काम केले आणि दूरदर्शनवरच्या सिनेगीतांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवून लोकांचे वाचन वाढवण्याचा प्रयत्न केला. आपल्या पाचवीतल्या मुलाला हाच उपाय इंग्रजीसाठी लागू पडतो. त्यासाठी निवेदक सावकाश बोलणारा हवा, आणि या बाबतीत बीबीसीच्या निसर्गमालिकांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांच्या तोडीचा मला कुणी सापडला नाही. ते दोन वाक्यांमध्ये श्वास घेतात, त्या जागेत मूल आधीचे वाक्य समजून घेते.

पण ओटीटीवरचे सगळेच लहानांना दाखवण्याजोगे नसते. २०१९ च्या ‘अवर प्लॅनेट’च्या दुसऱ्या भागात बर्फ कमी झाल्याने वॉलरस कड्यावर चढतात आणि तिथून खाली कोसळून मरतात. ते दृश्य इतके अंगावर येते की प्राण्यांवर जीव असणाऱ्या प्रेक्षकांना नेटफ्लिक्सने स्वतःहून सावध केले होते. आठवीतल्या मुलाला ते जरूर दाखवा आणि दाखवून बोला. दुसरीतल्या मुलीला नको.

२०१६ च्या ‘प्लॅनेट अर्थ’च्या दुसऱ्या मालिकेत गालापागोस बेटांवर इग्वानाची, म्हणजे मोठ्या सरड्याची, नुकती जन्मलेली पिल्ले सापांच्या तावडीतून पळतात. मुलांना हे दृश्य पुन्हा पुन्हा बघायचे असते. दाखवा, आणि दुसऱ्यांदा दाखवताना सांगा की हा पाठलाग एकाच पिल्लाचा नाही. वेगवेगळ्या पिल्लांची चित्रे जोडून तो केला आहे, हे मालिका करणाऱ्यांनीच नंतर सांगितले आहे. दूरवरून मोठ्या भिंगाने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाजही बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरलेला असतो. मी चौथीच्या वर्गाला हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “टीचर, मग साप खरे की नाही?” साप खरे, पिल्ले खरी, पळणेही खरे, गोष्ट मात्र माणसाने रचलेली. यावर वर्गात जे बोलणे झाले ते पुस्तकातल्या कुठल्याच धड्यातून निघाले नसते. पॉजचे बटण मला हवे ते यासाठीच.

एक व्यवहाराची सूचना. या मालिका एका ओटीटीवरून दुसऱ्यावर जात असतात, म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी हवी ती मालिका तिथे आज आहे का, ते शोधून बघा. मे महिन्याच्या किंवा गणेशचतुर्थीच्या सुटीत एक महिना घेऊन नंतर बंद करणेच परवडते.

यूट्यूब फुकट आहे आणि खजिना आहे, यात शंका नाही. शाळा बंद होत्या तेव्हा, २०२० मध्ये, नेटफ्लिक्सने ‘अवर प्लॅनेट’सकट आपले काही माहितीपट तिथे मोफत ठेवले. श्याम बेनेगलांची १९८८ ची ‘भारत एक खोज’, ५३ भागांची, प्रसार भारतीच्या जुन्या संग्रहातून तिथे आली आहे. सातवी-आठवीच्या इतिहासाला त्याहून चांगली जोड मला माहीत नाही, फक्त एका वेळी एकच भाग दाखवा. अडचण पुढच्या व्हिडिओची. चांगला माहितीपट संपला की आपोआप लागतो तो “जगातले दहा सर्वांत भयानक प्राणी”, आणि हल्ली तर संगणकाने बनवलेले, कधीच न घडलेले प्राण्यांचे व्हिडिओही खऱ्यासारखे फिरतात. म्हणून मुलाच्या हातात सर्चची पट्टी देऊ नका. आपण रात्री बसून सात-आठ व्हिडिओंची प्लेलिस्ट करायची, ऑटोप्ले बंद करायचा आणि मोबाइलवरून टीव्हीवर लावून मोबाइल आपल्याकडेच ठेवायचा. एवढी मेहनत करायची तयारी असेल तर ओटीटीचे पैसे वाचतात. नसेल तर यूट्यूब हा चारही पर्यायांत सर्वांत वाईट.

चारही ठिकाणी गोवा जवळजवळ नाहीच. सर्वांत जवळ येणारा चांगला माहितीपट म्हणजे ‘वाइल्ड कर्नाटक’. त्यातला पश्चिम घाट हा आपल्या मोलेच्या रानाला लागूनच आहे. बाकीची जोडणी आपणच करायची. बीबीसीच्या २००९ च्या ‘लाइफ’ मालिकेत जपानच्या चिखलात उड्या मारणारे निवटे मासे दिसतात. ते बघून झाल्यावर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी सलीम अली अभयारण्याच्या कडेला खारफुटीच्या मुळांत बघा. तसाच डोळे वर आलेला, पुढच्या परांवर सरपटणारा मासा तिथे चिखलात बसलेला असतो. येताना मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, थांबून भरतीचे पाणी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, कसे अडवतात तेही दाखवा. कासवांचा कार्यक्रम पाहिला असेल तर मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर वनखाते ऑलिव्ह रिडलेची घरटी राखते. अंटार्क्टिकाचा पाहिला असेल तर सांगा की भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये आपल्या गोव्यातूनच जहाजाने निघाली होती, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही वास्कोत आहे. टीव्हीवरचे लांबचे जग आणि पायाखालचे जग असे जुळले की मुलाचे प्रश्न थांबत नाहीत.

तर कुणी काय घ्यावे? घरात पहिली ते चौथीचे मूल असेल तर काहीच विकत घेऊ नका. टिलीमिली आणि तुम्ही केलेली प्लेलिस्ट पुरे, दिवसाला अर्धा तास, आणि शेजारी कुणीतरी मोठे बसलेले. आजी बसली तर उत्तमच, ती मुलापेक्षा जास्त प्रश्न विचारते. पाचवी ते सातवीसाठी ओटीटीवर पैसे घाला, इंग्रजी आवाज, इंग्रजी अक्षरे. सगळे घर मिळून बघणारे असेल आणि रिमोटवरून भांडणे नको असतील तर बीबीसी अर्थ सुटे घ्या. नववी-दहावीला पीएम ई-विद्याचे पाठ आधी, माहितीपट रविवारी. छत्रीवरच भिस्त असेल तर पावसाळ्यासाठी चार-पाच भाग मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा.