गतिरोधक, उंच क्रॉसिंग की पादचारी पूल? निवेदन देण्याआधी एवढं बघा

तुमच्या सोसायटीचं निवेदन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाणार असेल, तर त्यात नुसतं ‘स्पीडब्रेकर बसवावा’ असं लिहू नका. अपघात झाला की हीच मागणी सगळ्यात आधी सुचते, सह्याही पटापट होतात. पण गाड्यांचा वेग उतरवणं हे एक काम आहे आणि माणसाला सुखरूप पलीकडे पोचवणं हे दुसरं. काही उपायांनी पहिलं होतं, काहींनी दुसरं, आणि मोजक्याच उपायांनी दोन्ही होतं. पुण्यातले रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. नाशिक, ठाणे, कोल्हापूरला फार वेगळं नसावं.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

वेगाचा हिशोब घरी करून बघण्यासारखा आहे. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसलं, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी ताशी ५० ने येत असेल तर त्या एका सेकंदातच ती जवळपास १४ मीटर पुढे आलेली असते, आणि ब्रेक तर आता कुठे लागतो आहे. म्हणून माणसं आणि गाड्या जिथे एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीत मोटारींना कमाल ७० पर्यंत मुभा आहे. ती स्थानिक पातळीवर खाली आणता येते, पण नुसत्या पाटीने वेग उतरत नाही. रस्त्याची घडण बदलावी लागते.

आतला रस्ता असेल तर

नऊ-बारा मीटरचा रस्ता, एका बाजूला शाळा किंवा दवाखाना, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. इथे खरी निवड गतिरोधक आणि उंच क्रॉसिंग यांच्यात आहे.

गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांपासून चालत आलेला आकार म्हणजे ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच. त्यावरून गाडी ताशी २५ च्या आसपास न आदळता जाते. आपल्या गल्ल्यांमध्ये दिसतो तो मात्र डांबराचा हातभर रुंद उंचवटा. त्याने बसमधल्या आजीची कंबर दुखते, गरोदर बाईला त्रास होतो, रुग्णवाहिका अडते, आणि दुचाकीवाला कडेच्या फटीतून, म्हणजे नेमका पायी चालणाऱ्याच्या जागेतून, वेग न उतरवता निघून जातो. स्क्रूने ठोकलेले प्लास्टिकचे तुकडे तर त्याहून वाईट. काही महिन्यांत ते उखडतात आणि रस्त्यावर खिळे उरतात.

चांगला बांधलेला गतिरोधकसुद्धा फक्त गाडीला हळू करतो. माणसाने कुठून ओलांडायचं हे तो सांगत नाही.

उंच क्रॉसिंग हे सांगतं. फुटपाथच्या उंचीला, साधारण १०-१५ सेंटिमीटर वर, सपाट चौथरा. दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी उतार. वर झेब्राचे पट्टे. पायी चालणारा खाली उतरतच नाही, गाडीच वर चढते. व्हीलचेअर, बाबागाडी, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळ्यांना एकाच पातळीवरून जाता येतं. चौथऱ्यावर उभं मूल चालकाला जरा वरच्या पातळीवर दिसतं, हा मला यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. शाळेच्या गेटसमोर पर्याय निवडायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गतिरोधक नको, उंच क्रॉसिंगच मागा.

त्यात दोन गोष्टींवर अडून बसा. एक, पाण्याचा निचरा. चढाच्या बाजूला चेंबर आणि जाळी नसेल तर पहिल्या पावसात तिथे तळं होतं आणि मग लोकच ते फोडायला सांगतात. दुसरी, क्रॉसिंगच्या अलीकडे चार-पाच मीटर गाडी उभी करायला मज्जाव. लावलेल्या गाडीआडून अचानक बाहेर आलेलं मूल कोणत्याही चालकाला वेळेत दिसत नाही. दुकानदार यावर नाराज होतील. त्यांना निवेदन देण्याआधीच भेटा, नंतर नको.

रंबलरच्या पट्ट्या, म्हणजे गाडीला खडखडाट जाणवावा म्हणून रस्त्यावर ओळीने काढलेले बारीक उंचवटे, या तुलनेत फारशा टिकत नाहीत. त्या चालकाला जागं करतात, एवढंच. आणि आवाजाचा त्रास शेजारच्या इमारतीला रात्रभर.

डीपी रस्ता (विकास आराखड्यातला मोठा रस्ता) असेल तर

चोवीस-तीस मीटरचा रस्ता, दुभाजक, दोन्हीकडे दोन-तीन लेन, वरून बसचा मार्ग. इथे गतिरोधकाची मागणी बहुधा नाकारलीच जाते, आणि ते बरोबरही आहे.

इथे पहिली मागणी असावी दुभाजकात थांबण्याच्या जागेची. एका दमात सोळा मीटर ओलांडण्याऐवजी आधी सात, मग थांबून पुन्हा सात. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्यांकडे बघायचं असल्यामुळे वयस्कर माणसाला हा फरक फार मोठा असतो. अडचण अशी की दुभाजकात व्हीलचेअरपुरती फट ठेवली की दुचाकीही तिथून वळतात. म्हणून वाट सरळ न काढता नागमोडी काढायची. त्याने दुचाकीला वळता येत नाही आणि चालणाऱ्याचं तोंड आपोआप समोरून येणाऱ्या गाड्यांकडे होतं. आराखड्यात हे स्पष्ट दाखवा, नाहीतर ठेकेदार सरळ फट ठेवून मोकळा होतो.

सिग्नल हवा का? वर्दळ सतत असेल, गाड्यांमध्ये फटच पडत नसेल तर हवा. पण त्याच्या वेळेकडे नीट बघा. हिशोब साधारणतः सेकंदाला १.२ मीटर चालीचा धरतात. त्या चालीने सोळा मीटरला तेरा-चौदा सेकंद पुरतात. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालते, तिला वीस लागतात. जवळ रुग्णालय किंवा विरंगुळा केंद्र असेल तर ते निवेदनात लिहा आणि वीस सेकंदच मागा. गाड्यांची थांबण्याची रेषा पट्ट्यांपासून काही मीटर मागे असणंही गरजेचं आहे. पहिल्या लेनमधली बस थांबते, आणि तिच्याआडून दुसऱ्या लेनमधली गाडी न थांबता येते. बहुपदरी रस्त्यावरचा हा नेहमीचा धोका आहे.

चौकातल्या डाव्या वळणांचे कोपरे पुढे काढणं ही आपल्याकडे फार कमी मागितली जाणारी गोष्ट. कोपरा पसरट असेल तर गाडी वेग न उतरवता वळते. तो काटकोनाकडे आणला की वेग उतरतो आणि ओलांडायचं अंतरही घटतं. हे आधी बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) आणि रंग वापरून तात्पुरतं करून बघता येतं, त्यामुळे अधिकाऱ्यांना होकार देणं सोपं जातं. पुण्याने २०१६ साली रस्तेरचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ करून दाखवलेत. निवेदनात त्यांचा आधार घ्या.

पादचारी पुलाची मागणी मात्र करू नका, कुणी नगरसेवक स्वतःहून देऊ केला तरी. पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते, म्हणजे चढायला चाळीसेक पायऱ्या आणि तितक्याच उतरायला. भाजीची पिशवी घेतलेली बाई खालूनच जाते, मग तिला अडवायला जाळ्या येतात. मुंबईत रेल्वे स्थानकांना जोडलेल्या स्कायवॉकचं कारण वेगळं आहे: तिथे माणूस फलाटावरून पुलावर आधीच चढलेला असतो. महामार्ग किंवा रूळ ओलांडायचे असतील तरच पूल पटतो.

निवेदनात काय असावं

आधी रस्ता कुणाचा ते शोधा. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पालिकेत आली. त्या भागांत महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्यात अर्ज फिरत राहतो. माहितीच्या अधिकारात एका ओळीचा प्रश्न विचारला तर लेखी उत्तर मिळतं. अर्ज पथ विभागाला आणि वाहतूक शाखेला एकाच दिवशी द्या, दोन्हीकडे पोच घ्या. छोट्या कामांसाठी नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक हा मार्गही आहे, पण त्याची मुदत दरवर्षी ठरावीक असते.

सह्यांपेक्षा आकडे जास्त बोलतात. शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासात किती जण ओलांडतात, त्यांत मुलं किती, वृद्ध किती, हे दोन दिवस मोजा. नकाशावर नेमकी जागा दाखवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९८अ हे कलमही लिहा: रचनेची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

काम मंजूर झालं की कनिष्ठ अभियंत्यासोबत जागेवर जाऊन खडूने खुणा करून घ्या, आणि रात्री एकदा जाऊन बघा. पट्ट्यांवर दिवा पडत नसेल तर त्याच आठवड्यात विद्युत विभागाला वेगळा अर्ज द्या.