टॅबचा म्युझिक प्लेयर केला: दिवाळी ते श्रावण वापरून आलेला अनुभव

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आता गाणं ऐकायला मी दुसरं काही हातात घेत नाही. साडेदहा इंची अँड्रॉइड टॅब, त्याला लावलेला यूएसबी डॅक (डिजिटल फाईलचा हेडफोनला लागणारा सिग्नल करणारं छोटं यंत्र), वायरवाला हेडफोन आणि आत ५१२ जीबीचं कार्ड, बस एवढंच. दिवाळीत हे जमवलं, थंडी गेली, आपला खान्देशातला मे महिना गेला आणि आता श्रावण लागलाय, म्हणजे मत द्यायला पुरेसा वापर झालाय. टॅबच्या कंपनीचं नाव देत नाही कारण त्यावर फारसं काही अडत नाही. कार्डाचा स्लॉट आहे का आणि टाईप-सीमधून बाहेरचा डॅक चालतो का एवढं बघा, कॅमेरा आणि रॅम आपल्या कामाचे नाहीत.

बरेच जण विचारतात की टॅबच का, मोबाईल आहे ना. मोबाईलवर बडा ख्याल लावला की विलंबित (संथ लयीचा भाग) रंगात येईपर्यंत दोन फोन आणि चार मेसेज येऊन जातात. माझा टॅब फक्त वायफायवाला, सिम नाही, त्यामुळे मध्ये कुणीच बोलत नाही. शिवाय हल्लीच्या बऱ्याच मोबाईलमधून कार्डाची जागा गेली, हेडफोनचं भोक गेलं. आयपॉड होता तो जमाना संपला, क्लासिक २०१४ ला बंद झाला आणि टच २०२२ ला. वेगळे हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बारकाव्याच्या फाईली वाजवणारे) प्लेयर मिळतात, चांगलेही आहेत, पण किंमत बघता स्क्रीन तळहाताएवढी, आणि माझ्यासाठी खरा मुद्दा स्क्रीनचाच आहे, तो पुढे सांगतो.

आधी आवाजाचं. टॅबला स्वतःचं ३.५ एमएमचं भोक आहे आणि साध्या इअरफोनवर ते ठीकठाक चालतं, पण जरा जड हेडफोन लावला की आवाज पुरत नाही आणि तबल्याचा बायाँ (डग्गा) पोकळ वाटतो. म्हणून डॉंगलसारखा छोटा डॅक घेतला, आत सिरस लॉजिकची सीएस४३१३१ चिप आहे, आउटपुट २ व्होल्टचं. माझ्या ३२ ओमच्या हेडफोनला हे भरपूर झालं, सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओमचा मित्राचा हेडफोनसुद्धा घरातल्या ऐकण्यापुरता त्यावर व्यवस्थित वाजला.

आता अँड्रॉइडची एक खोड समजून घ्या. सीडीचा आवाज असतो १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. अँड्रॉइड मात्र सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र मिसळतो आणि ते करताना बहुतेक वेळा सगळं ४८ किलोहर्ट्झवर नेऊन ठेवतो, म्हणजे तुमची फाईल जशीच्या तशी डॅकपर्यंत जातच नाही. यावर उपाय म्हणजे यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो हे अ‍ॅप, ते स्वतःचा ड्रायव्हर वापरून अँड्रॉइडला बाजूला ठेवतं आणि डॅकशी थेट बोलतं. पैसे देऊन घ्यावं लागतं पण एकदाच. अँड्रॉइड १४ पासून म्हणजे २०२३ पासून गूगलने सिस्टिममध्येच बिट-परफेक्टची (फाईल काही न बदलता डॅकपर्यंत पोचवायची) सोय दिलीय, पण ती टॅब बनवणाऱ्याने आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने दोघांनीही उचलायला पाहिजे, तेव्हा केवळ १४ आहे म्हणून गृहीत धरू नका. माझ्या डॉंगलवर छोटा दिवा आहे, तो ४४.१ ला वेगळा आणि ४८ ला वेगळा रंग दाखवतो, सीडीची फाईल लावून रंग बघितला की लगेच कळतं. आणि एक महत्त्वाचं, बिट-परफेक्ट मोडमध्ये काही डॅकवर टॅबचं आवाजाचं बटण चालत नाही आणि गाणं फुल्ल आवाजात सुरू होतं, म्हणून पहिल्यांदा लावताना हेडफोन कानावर नको, टेबलावर ठेवून बघा.

फरक किती पडतो? खरं सांगतो भो, बिट-परफेक्ट चालू-बंद केल्याचा फरक बारीक आहे. रात्री घर शांत झाल्यावर तानपुऱ्याच्या जव्हारीत (तारेच्या गुंजनात) आणि सरोदच्या आघातात तो मला जाणवतो, दिवसा नाही जाणवत. त्याहून कितीतरी मोठा फरक मूळ फाईलचा आहे. कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री आणि स्वतःच्या सीडीवरून काढलेली फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली) फाईल एकामागे एक लावा, शेजारी बसलेल्यालाही सांगावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक हेडफोनचा, म्हणून बजेट असेल तर आधी तिथे घाला. हाय-रेझ म्हणून २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फाईली विकतात, त्यांच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. १६ बिटात ९६ डेसिबलची रेंज मिळते, आपल्या घरातला पंखाच त्यातला बराचसा भाग खाऊन टाकतो. फाईल मात्र फुगते, सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट आणि १९२ वाल्याचा ९२१६. जुन्या ७८ आरपीएमच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून घेतलेलं गाणं १९२ मध्ये घेतलं तरी तबकडीत जे नव्हतं ते येणार कुठून. कान पारखायचाच असेल तर जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात पुढच्या रांगांत बसून खरा तानपुरा ऐका आणि घरी येऊन हेडफोन लावा, कोणता हेडफोन घ्यायचा ते तेव्हा कळतं.

ब्लूटूथचंही विचारतात लोक. एलडॅक कोडेक (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत) अँड्रॉइड ८ पासून मिळतो, चांगल्या सिग्नलला ९९० केबीपीएसपर्यंत जातो, म्हणजे सीडीच्या १४११ पेक्षा कमीच, पण ऐकायला छान. साधा एसबीसी ३२८ च्या आसपास थांबतो. माझी नोकरी नंदुरबारला आणि घर अमळनेरला, त्यामुळे सुरत लाईनच्या गाडीत रोजचं बसणं आहे, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करत जाणाऱ्या गाडीत खिडकी उघडी, वारा, चायवाला, अशात डॅक आणि फ्लॅकचं काही चालत नाही, तिथे कान नीट बंद करणारा इअरफोन आणि ब्लूटूथ पुरे. डॅकची मजा खरी कळते ती शेतावर. चोपड्याकडे आमची केळी आहे, रात्रीची लाईट असली की मोटार बघायला तिकडे मुक्काम करावा लागतो, खोलीवर पंखासुद्धा बंद असतो, तेव्हा दरबारी लावावा आणि मंद्रातला गंधार कसा हलतो ते ऐकावं.

आता स्क्रीनचा मुद्दा. आपल्या शास्त्रीय गाण्यात बंदिशीचे शब्द ऐकून पटकन कळत नाहीत, ब्रज असते, गाणारा शब्द मोडतो, ताणतो. टॅबवर अर्ध्या स्क्रीनवर प्लेयर आणि अर्ध्यावर बंदिशीची वही (मी हाताने लिहिलेल्या वह्यांचे फोटो काढून पीडीएफ केलेत) असं ठेवून ऐकलं की ज्या बंदिशी वर्षानुवर्षं नुसत्या सुरावर ऐकल्या त्यांचा अर्थ उलगडतो. सीडीच्या आतल्या पुस्तिकेतही तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, कुठल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण हे असतं, तेही स्कॅन करून त्या त्या अल्बमच्या फोल्डरमध्ये टाकलंय. मोबाईलवर हे वाचताना डोळे ताणावे लागतात, छोट्या प्लेयरवर तर शक्यच नाही. माझ्या दृष्टीने टॅब घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पण त्यासाठी संग्रह लावून घ्यावा लागतो आणि खरी मेहनत तिथे आहे. सीडीवरून फाईली काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं, बाहेरून लावायचा सीडी ड्राईव्ह घेतला. ओरखडे असलेली सीडी ते परत परत वाचतं आणि जगभरातल्या इतरांच्या कॉपीशी ताडून बरोबर आली का ते सांगतं. एका सीडीची फ्लॅक साधारण ३०० ते ४०० एमबी होते, म्हणजे ५१२ च्या कार्डात हजारभर सीडी आरामात. मग एमपीथ्रीटॅग हे फाईलींत माहिती भरायचं सॉफ्टवेअर घेऊन नावं देवनागरीत लिहिली. इंग्रजीत एकाच गायकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं आणि प्लेयर त्याचे तीन गायक करतो, देवनागरीत एकदा लिहिलं की सगळं एका जागी येतं, फ्लॅकमध्ये युनिकोड नीट टिकतं, जुन्या एमपीथ्रीसारखी प्रश्नचिन्हं दिसत नाहीत. जॉनरच्या रकान्यात मी राग लिहितो आणि प्लेलिस्ट प्रहराप्रमाणे केल्यात, सकाळी भैरव आणि तोडी, दुपारी सारंग, दिवेलागणीला मारवा, पूरिया, मग यमन, रात्री उशिरा मालकंस. सकाळी उठून काय लावू हा प्रश्नच उरत नाही. प्लेयरमध्ये गॅपलेस चालू आहे का ते मात्र बघून घ्या, बऱ्याच सीडींवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात आणि मध्ये अर्ध्या सेकंदाची खाच पडली की समेवर येता येता तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होतं.

याच टॅबवर घरच्या कॅसेटी पण आल्यात. आमच्याकडे काकांनी जुन्या टेपरेकॉर्डरवर अखाजीची (अक्षय्य तृतीयेची), झोक्यावरची गाणी भरून ठेवली होती, आजी आणि गल्लीतल्या बाया गातायत, अहिराणीत. त्या सी-६० आणि सी-९० कॅसेटी चांगल्या डेकवर लावून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट ४८ किलोहर्ट्झला उतरवल्या. २४ बिट इथे उपयोगी पडतं, कारण आवाजाची पातळी कधी खाली कधी वर असते, रेकॉर्ड करताना हात राखून ठेवता येतो आणि नंतर वाढवता येतं. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग प्रत्येक कॅसेटला हेडचा बारीक स्क्रू फिरवून त्याचा टेपशी असलेला कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ जुळवा, आवाज उघडतो, बांगड्यांचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला एवढं सांगतो. नॉईज रिडक्शन अगदी थोडं, जास्त केलं तर माणसाचा आवाज डब्यातून येतो. कानबाईला (आपल्या खान्देशातला श्रावणातला सण) सगळे घरी जमले तेव्हा टॅब जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, डॉंगलमधून ३.५ ते आरसीए वायर काढून. २ व्होल्ट म्हणजे सीडी प्लेयरच्या लाईन आउटएवढंच, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला काही वेगळं वाटत नाही. पहिल्या ओळीला फुई (आत्या) स्वयंपाकघरातून बाहेर आली, “हाऊ तं मायना आवाज शे!” (हा तर आईचा आवाज आहे!) आणि मग पुरणाचं सगळं सोडून बाया तिथेच बसल्या आणि टेपमधल्या आजीबरोबर गायला लागल्या. अहिराणी गाणी अशीच कुणाच्या तरी कपाटात पडलीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे काम यावर्षीच करा, टेप दरवर्षी खराब होतेय.

तक्रारी पण आहेत. टाईप-सी एकच, त्यामुळे डॅक लावला की चार्जिंग बंद. चार्जिंगसकट चालणारा हब मिळतो, तो घेतला, पण अ‍ॅम्प्लिफायरला जोडून चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, ग्राउंड लूप (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमुळे होणारी गुणगुण) आहे तो, त्यामुळे ऐकताना बॅटरीवरच ठेवतो. ७००० एमएएचची बॅटरी, स्क्रीन बंद ठेवली तर दिवसभर ऐकून उरते. अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा नाहीतर ताना रंगात आल्यावर टॅब अ‍ॅपच मारून टाकतो. डॉंगल खाली लोंबतो आणि सॉकेटवर ताण येतो, मी काटकोनी पिन असलेली छोटी वायर घेऊन डॉंगल कव्हरच्या मागे वेल्क्रोने चिकटवलाय. वजन अर्धा किलोच्या आसपास, खिशात मावत नाही, पिशवी लागतेच.

आणि ऊन. बहुतेक कंपन्या ३५ अंशापर्यंत वापरा असं सांगतात, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ नेहमीचंच. दुपारी टॅब गरम होऊन चार्जिंग आपोआप थांबायचं, म्हणून उन्हाळाभर पहाटे चार्ज केला, कव्हर काढून ठेवला, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर एकदाही ठेवला नाही. बॅटरी अजून फुगलेली नाही, बॅकअपही कमी झाल्यासारखा वाटत नाही.

कार्ड घेताना मात्र बिल घेऊन, ओळखीच्या दुकानातून घ्या. फार स्वस्तात १ टीबी म्हणून जे मिळतं ते आत बऱ्याचदा ३२ जीबी निघतं, फाईली गेल्यासारख्या दिसतात आणि वाजत नाहीत. नवीन कार्ड आणलं की एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून तपासा, ५१२ चं कार्ड कॉम्प्युटरवर ४७६ दिसतं तो मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे, त्याला घाबरू नका. आणि सगळ्या फाईलींची एक कॉपी घरी हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या घरी. माझी दुसरी कॉपी फुईकडे शिरपूरला आहे, दिवाळीला जातो तेव्हा नवीन भरून देतो.