तीन फेसवॉश आणि त्यांच्या मागच्या बाजूची यादी: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून यंदाच्या होळीपर्यंत मी तीन वेगवेगळ्या प्रकारचे फेसवॉश वापरले. माझी त्वचा मिश्र आहे, म्हणजे कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे. घर घोडबंदर रस्त्याला आणि नोकरी महापे एमआयडीसीत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ धूळ आणि मधला सगळा वेळ एसी, असा चेहऱ्याचा दिनक्रम असतो. उत्पादनांची नावे देत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन ट्यूबमधील घटक पूर्णपणे वेगळे असू शकतात.

पहिल्या ट्यूबवर कडुनिंब आणि हळदीची चित्रे होती. फेस भरपूर येई, चेहरा करकरीत स्वच्छ वाटे आणि टॉवेल बाजूला ठेवेपर्यंत गाल ओढल्यासारखे होत. यादीत पाण्यापाठोपाठ मायरिस्टिक ॲसिड, स्टीअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही नावे होती. मेदाम्ले आणि अल्कली एकत्र आली की साबण तयार होतो. म्हणजे वेष्टनावर साबणाचा उल्लेख नसला तरी आत साबणच होता. त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास, किंचित आम्लधर्मी असतो, तर साबणाचा ९ ते १०. त्वचा आपला सामू पुन्हा मिळवते, परंतु त्याला वेळ लागतो आणि दरम्यान वरच्या थरातील पेशींना सांधून ठेवणारे स्निग्ध पदार्थही थोडे धुऊन गेलेले असतात. त्यातच उन्हाळ्यात आमच्या संकुलात टँकरचे जड पाणी येते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारा तो पांढरट थर चेहऱ्यावरही राहतोच. माझ्या गालांवर उन्हाळ्यातही पापुद्रे निघत होते, त्याचे कारण मला हेच वाटते.

पावसाळ्यात घेतलेल्या दुसऱ्या, जेलसारख्या फेसवॉशमध्ये फेस आणून मळ काढणारे सोडियम लॉरेथ सल्फेट, त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य स्वच्छक आणि २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड होते. सल्फेट म्हटले की हल्ली लोक दचकतात. सल्फेटांपैकी सोडियम लॉरिल सल्फेट हा घटक खरोखरच इतका दाहक आहे की त्वचेवरील प्रयोगांत मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी तोच वापरतात. लॉरेथ त्याच्यापेक्षा सौम्य असते आणि बीटेनच्या सोबतीने आणखी सौम्य होते, कारण दोन्हींचे रेणू मिळून मोठे पुंजके बनवतात आणि सुटे रेणू त्वचेत शिरण्याचे प्रमाण घटते. सेटाफिल या १९४७ पासूनच्या प्रसिद्ध सौम्य क्लिन्झरच्या जुन्या सूत्रात तर लॉरिल सल्फेटच होते, पण अल्प प्रमाणात आणि सीटाइल व स्टीअरिल अल्कोहोलबरोबर. ही अल्कोहोले मेणासारखी आणि त्वचेला मऊपणा देणारी असतात, तेव्हा नावावरून घाबरू नये.

सॅलिसिलिक ॲसिडबद्दल माझे मत चांगले झाले. ते तेलात विरघळते, त्यामुळे रोमछिद्रांतील तेलापर्यंत पोहोचून तिथल्या मृत पेशी सैल करते. लगेच धुऊन टाकले तर फरक जाणवेना. साधारण मिनिटभर नाकावर आणि कपाळावर ठेवू लागल्यावर काही आठवड्यांत काळे ठिपके आणि बारीक पुटकुळ्या कमी झाल्या. गालांना मात्र ते रोज सोसले नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

थंडीत आणलेला तिसरा, मलईसारखा फेसवॉश सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हा सौम्य स्वच्छक आणि ग्लिसरीन यांवर आधारलेला होता. फेस कमी आणि धुतल्यावर एक हलका ओलावा मागे राहतो, जो काहींना चिकट वाटेल. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या ताईची त्वचा अतिशय कोरडी आहे, तिने पहिल्याच आठवड्यात माझी ट्यूब पळवली. ऋतूचा परिणाम वेगळा कळावा म्हणून पहिल्या फेसवॉशचा उरलेला भाग मी याच काळात काही दिवस वापरून पाहिला. ओढलेपण लगेच परतले. या मलईदार फेसवॉशची उणीव एवढीच की घाम-पाण्याला न निघणारे सनस्क्रीन एका धुण्यात जात नाही.

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेल्या घटकांविषयी मी आता बरीच साशंक आहे. भारतातील नियमानुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीएथेनॉल हा परिरक्षक बहुधा १ टक्क्यापर्यंतच घालतात, म्हणून त्याच्यानंतर आलेले कडुनिंबाचे अर्क, व्हिटॅमिन सी किंवा हायलुरोनिक ॲसिड नाममात्रच समजावे, आणि तेही अर्ध्या मिनिटात बेसिनमध्ये जाते. नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) मला आवडते, पण त्याचे पैसे चेहऱ्यावर टिकणाऱ्या क्रीमसाठी मोजावेत. ग्लिसरीन स्वस्त असल्यामुळे त्याची जाहिरात होत नाही. यादीत ते दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर ती ट्यूब मी हातात घेते.

सध्या सकाळी मलईदार फेसवॉश, रात्री सनस्क्रीन उतरवण्यासाठी तोच दोनदा आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री फक्त नाक-कपाळावर सॅलिसिलिकचा जेल, असा क्रम ठेवला आहे. साबणाची उरलेली ट्यूब हात धुण्याच्या बेसिनवर गेली आहे.