कपाळावरचा थर्मामीटर की काखेतला, सिरप की पट्ट्या: लहान मुलाचा ताप वरखाली होत असताना काय निवडावे

गेल्या डिसेंबरात नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरी रात्री दीड वाजता अडीच वर्षांच्या लेकीला ताप भरला. अंग कढत, हातपाय मात्र बर्फासारखे. कपाळासमोर धरायच्या थर्मामीटरवर ९७.८ आले आणि काखेतल्या डिजिटलवर १०१.६. कोणावर विश्वास ठेवायचा तेच कळेना. सासूबाई म्हणाल्या, "पाय गार आहेत ना, म्हणजे अजून चढतोय." अर्ध्या तासात कपाळावरचा आकडाही १०२ च्या पुढे गेला.

ताप चढताना शरीर उष्णता आत कोंडून धरते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. उतरताना त्या सैल होतात आणि घाम फुटतो. संध्याकाळी वाढणे आणि पहाटे उतरणे तर धडधाकट शरीरातही होते. शिवाय औषधाचा असर चार-सहा तासांनी ओसरला की ताप पुन्हा चढतो. त्याचा अर्थ औषध लागू पडले नाही असा नाही. आजार अजून चालू आहे, इतकाच. घामानंतर काखेत ९६-९७ आले आणि मूल उबदार आहे, ओळख देते आहे, पाणी पिते आहे, तर घाबरू नका. ९५ च्या खाली गेले किंवा मूल मलूल असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता थर्मामीटर. कपाळावरचा इन्फ्रारेड झोपलेल्या मुलाला न उठवता चालतो, हा त्याचा मोठा गुण. पण घामाने, पंख्याच्या वाऱ्याने, बाहेरच्या थंडीतून नुकतेच आत आल्याने तो चुकतो. कानातला मोजतो पटकन, पण कान नीट धरता आला नाही किंवा मळ असला की आकडे बदलतात. काखेतला डिजिटल दोनएकशे रुपयांत मिळतो. काख कोरडी करून, हात अंगाशी दाबून 'बीप' होईपर्यंत थांबावे लागते आणि चिडलेले मूल थांबू देत नाही. तरी एकच घ्यायचा तर मी हाच घेईन. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा थोडा कमी असतो, तरी डॉक्टरांना सांगताना मनाने एक डिग्री वाढवू नका. 'काखेत इतका' एवढेच सांगा. जुना पाऱ्याचा घरात असेल तर वापरू नका. फुटला तर पारा गोळा करता करता नाकी नऊ येतात.

औषधांकडे जास्त लक्ष द्या, कारण खरी चूक इथे होते. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. मात्र बाटल्या वेगवेगळ्या ताकदींच्या असतात. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर ५ मिलीत १२५ च्या सिरपचे ६ मिली लागतात, ५ मिलीत २५० च्या सिरपचे ३ मिली आणि १ मिलीत १०० च्या थेंबांचे फक्त दीड मिली. बाटली बदलली की मापही बदलते. घरातला चमचा नको. बाटलीसोबतचे टोपण किंवा सिरिंज घ्या. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असू शकते, तेव्हा लेबल वाचा.

आयबुप्रोफेनचा असर सहा ते आठ तास टिकतो, म्हणून रात्रीसाठी ते बरे वाटते. पण उलट्या-जुलाबांनी मूल सुकले असेल, कांजण्या असतील किंवा डेंग्यूची शंका असेल, तर ते देऊ नये. नाशिकच्या पावसाळ्यात ही शंका आधी घ्यावी लागते. दोन्ही आलटून पालटून देण्याचा सल्ला शेजारीपाजारी मिळतो. अर्धवट झोपेत कुठले कधी दिले याचा घोळ होतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी ते करत नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. जुनी बाटली सापडली तर टाकून द्या. मेफेनॅमिक ॲसिडही मनाने देऊ नका.

पट्ट्यांनी तात्पुरता आराम पडतो, आजार हटत नाही. पाणी कोमटच हवे. थंड पाण्याने कातडी आवळते, मूल कुडकुडते आणि ताप आतच राहतो. कोलन वॉटर नको, त्यातले अल्कोहोल कातडीतून शोषले जाते. मूल रडून अंग आखडत असेल तर पट्ट्या सोडा, अंगावरचे कपडे हलके करा.

तापात झटका (आकडी) आला तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, कांदा हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर १०८. पहिलाच झटका असेल तर लवकर थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक वर्षावरच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० च्या वर, छाती आत ओढली जाणे, मान ताठ, आठ तास लघवी नाही, जागे केले तरी डोळे न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर आकडा ९९ असला तरी सकाळची वाट बघू नका.

आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. गेल्या श्रावणात सिडकोतल्या माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा ताप चौथ्या दिवशी गेला. घरात सगळे सुटलो म्हणाले. तो मात्र पोट धरून पडून होता, दोनदा उलटी झाली आणि सकाळचा डायपर दुपारपर्यंत कोरडा होता. तिने थर्मामीटर बाजूला ठेवला आणि रिक्षा बोलावली. सलाइन वेळेत लागली आणि तो बरा होऊन घरी आला.