हडसनवर फुकट वल्हवायचे, पण कोणत्या धक्क्यावरून?

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत, विशेषतः भारतातून आई-वडील आलेले असताना, उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो: शहराला खेटून वाहणाऱ्या नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, फुकट चालवायला मिळते म्हणतात, ते कुठे, आणि आपल्याला ते जमेल का? मिळते हे खरे आहे. मॅनहॅटनमध्ये पिअर २६ आणि पिअर ९६, नदीपलीकडे होबोकनमधील मॅक्सवेल प्लेस पार्कची छोटीशी पुळण, ब्रुकलिन ब्रिज पार्क आणि क्वीन्समधील हॅलेट्स कोव्ह अशा ठिकाणी स्वयंसेवकांच्या संस्था हा उपक्रम चालवतात आणि होडी, वल्हे, लाइफ जॅकेट यांपैकी कशाचेही पैसे घेत नाहीत. पद्धतही थोड्याफार फरकाने सारखीच आहे: जोखमीची जबाबदारी आपली, अशा कागदावर सही करायची, जॅकेट घट्ट बांधायचे आणि आखून दिलेल्या हद्दीत साधारण वीस मिनिटे फिरून परत यायचे. त्यामुळे निवड करताना किमतीचा प्रश्नच येत नाही. पाहायचे ते पाणी, आणि त्या पाण्यात उतरण्याची सोय.

पाण्याबद्दल पहिली गोष्ट ही की न्यूयॉर्कपाशी हडसन ही आपण समजतो तशी नदी नसून खाडी आहे. भरतीचा परिणाम समुद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत, ट्रॉय गावाजवळच्या बंधाऱ्यापर्यंत जाणवतो आणि दिवसातून दोनदा प्रवाह उलटा फिरतो. दोन्ही दिशांनी वाहणारी नदी, अशा अर्थाचे नाव इथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिले होते, असे सांगतात. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला भरती-ओहोटीतला फरक सरासरी दीड मीटरच्या आत असतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीचे इशारे वाचणाऱ्या मुंबईकराला तो किरकोळ वाटेल, पण प्रवाहाचा जोर उंचीवरून मोजू नये. माझे सासरे मूळचे वेंगुर्ल्याचे, पिअर २६ वर उभे राहून त्यांनी फक्त खांबांवरची ओली रेघ पाहिली आणि म्हणाले, "ओहोटी लागली आहे, जाताना हलके वाटेल, येताना हात भरून येतील." नेमके तसेच झाले.

मॅनहॅटनमधल्या दोन धक्क्यांत मी पिअर २६ ला झुकते माप देईन. दोन्हीकडे तरंगत्या, पाण्यालगतच्या फलाटावरून होडीत उतरावे लागते: काठावर बसायचे, पाय होडीत सोडायचे आणि स्वयंसेवकाने होडी धरलेली असताना बसकण सरकवायची. ज्यांना खाली बसून उठताना गुडघ्याचा त्रास होतो, त्यांना जाताना नव्हे, तर परत येताना अडचण होते, कारण तेव्हा अंग खालून वर उचलावे लागते. पिअर ९६ हा ५६व्या रस्त्यापाशी आहे आणि त्याच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर प्रवासी जहाजांचे धक्के आहेत. दहा-बारा मजली जहाजाच्या जवळपासच्या पाण्यात आपण बसलो आहोत ही जाणीव काहींना थरारक वाटते, तर माझ्या आईसारख्या माणसांना ती अजिबात नको असते. पिअर २६ वर वाट पाहणाऱ्यांची सोयही अधिक चांगली आहे. २०२० मध्ये खुल्या झालेल्या या धक्क्याच्या पश्चिम टोकाला खारजमिनीतले गवत आणि दगड अशा रीतीने मांडले आहेत की भरतीला ते बुडतात आणि ओहोटीला उघडे पडतात; शेजारच्या पिअर २५ वर लहान मुलांचे खेळाचे मैदान आहे. शनिवार-रविवारी दुपारी रांग लागते, आणि पाच जणांच्या कुटुंबात दोघेच पाण्यात जाणार असतील तर उरलेल्या तिघांचा वेळ कसा जाईल, हा प्रश्न गौण राहत नाही.

जर्सी सिटी किंवा एडिसनहून येणाऱ्यांना होबोकन जवळ पडते आणि तिथे होडी पुळणीवरून पाण्यात लोटली जाते. घोटाभर पाण्यात उभे राहून होडीत बसणे हे फलाटावरून उतरण्यापेक्षा बहुतेक ज्येष्ठांना सोपे जाते, शिवाय मॅनहॅटनच्या इमारतींची रांग समोर दिसते ती वेगळीच. मात्र हा कार्यक्रम उन्हाळ्यातल्या निवडक दिवशीच असतो, त्यामुळे तारीख पाहिल्याशिवाय गाडी काढू नये. जवळच फेरीबोटींचा थांबा असल्याने त्यांच्या लाटा पुळणीपर्यंत पोचतात. लाट बाजूने घेण्याऐवजी होडीचे नाक तिच्याकडे वळवले की भीती निम्म्याने कमी होते.

ब्रुकलिन आणि हॅलेट्स कोव्ह ही दोन्ही ठिकाणे मॅनहॅटनच्या पूर्वेकडच्या ईस्ट रिव्हरवर आहेत आणि ईस्ट रिव्हर ही नावापुरतीच नदी, खरे तर दोन खाऱ्या पाण्यांना जोडणारी सामुद्रधुनी आहे. तिथला प्रवाह हडसनपेक्षा जोरदार असतो, आणि हॅलेट्स कोव्हच्या उत्तरेला असलेला हेल गेट नावाचा अरुंद भाग तर भोवऱ्यांसाठी पूर्वापार कुप्रसिद्ध आहे. म्हणूनच दोन्हीकडे फिरायचे ते आडोशाच्या पाण्यातच. आखलेली हद्द पाळणारा नवखा माणूस ब्रुकलिनला धक्क्यांच्या मधल्या पाण्यात निवांत राहतो; ज्याला हद्दीबाहेर डोकावण्याची खोड आहे, त्याने ईस्ट रिव्हर टाळावी.

पावसाच्या बाबतीत मात्र सगळी ठिकाणे एका माळेचे मणी आहेत. या शहराच्या मोठ्या भागात पावसाचे पाणी आणि सांडपाणी एकाच वाहिनीतून जाते आणि जोराचा पाऊस झाला की ते मिश्रण प्रक्रियेविना नदीत सोडले जाते. १९७२ च्या जलस्वच्छता कायद्यानंतर हडसन खूपच सुधारली, तरी मोठ्या पावसानंतर दोन दिवस थांबावे. या होड्या वरून उघड्या असतात, आसनाजवळ पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात आणि त्याच छिद्रांतून थोडे पाणी वरही येते. वल्हे उचलले की थेंब दांड्यावरून ओघळत थेट कोपरापर्यंत जातात. कोरडे राहण्याची आशा धरून कोणी आले असेल, तर तो गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मे महिन्यात हवा उबदार झाली तरी पाणी अजून थंडच असते. ज्येष्ठांसाठी जुलै-ऑगस्ट बरा.

पोहता न येणाऱ्यांना न्यावे का, असे अनेकजण विचारतात. पोहता आले पाहिजे असा नियम असेल, तर कागदावर खोटी सही करू नये; जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, घाबरण्यापासून वाचवत नाही. अशा पाहुण्यांना घेऊन काठावर बसण्यात काही कमीपणा नाही.

ज्यांना वीस मिनिटांत समाधान होणार नाही, त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. पैसे देऊन शिकवणी घेतली तर पहिल्याच दिवशी वल्हे धरण्याची रीत आणि उलटलेल्या होडीतून बाहेर येण्याचा सराव नीट होतो, पण चार जणांच्या घराला तो खर्च जाणवतो. दुसरी वाट स्वयंसेवक होण्याची. त्यात आधी तासन् तास इतरांच्या होड्या धरून उभे राहावे लागते, ओले जॅकेट वाळत घालावे लागते; पण पाण्याची ओळख हळूहळू आणि फुकट होते. दर शनिवारी दुपार मोकळी असेल तर मी दुसरीच वाट सुचवेन, आणि वर्षातून दोनदाच वेळ मिळणार असेल तर पहिली.

जाताना टाचेला पट्टा असलेल्या चपला घालाव्यात, चष्म्याला दोरी बांधावी, ओढणी आणि दागिने घरी ठेवावेत. आणि रांगेत लागण्याआधी खांबावरची ओली रेघ एकदा पाहून घ्यावी.