तळपायावर लिहिलेली मालकी

नॅन्सी फार्मर यांची ‘द हाउस ऑफ द स्कॉर्पियन’ ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड कुमारसाहित्याच्या विभागात मिळाले. माझी भाची नववीत आहे आणि तिला विज्ञानकथांचे वेड आहे, म्हणून हे पुस्तक मागवले. तिच्या हाती देण्याआधी चाळून पाहावे म्हणून उघडले आणि दोन रात्रींत संपवूनच खाली ठेवले. मानवी क्लोनिंगवरच्या, म्हणजे एका माणसाच्या पेशीपासून त्याची हुबेहूब प्रत (क्लोन) वाढवण्यावरच्या, कुमारकथांमध्ये बहुधा प्रयोगशाळेतून पळून जाणारा नायक आणि त्याच्या मागावर असलेला दुष्ट शास्त्रज्ञ यांपलीकडे फारसे काही नसते. ही कादंबरी त्या वाटेने जात नाही.

सुरुवातच पाहण्यासारखी आहे. शंभर वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेल्या पेशींपासून वाढवलेले छत्तीस जीवबिंदू सूक्ष्मदर्शकाखाली आहेत, ते एकामागून एक मरत जातात आणि शेवटी एकच बाळ जन्माला येते. स्कॉटलंडच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये १९९६ साली डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली, तेव्हा २७७ प्रयत्नांतून एकच कोकरू हाती लागले होते. लेखिकेने तोच हिशेब येथे माणसाला लावला आहे. बाळ गाईच्या गर्भाशयात वाढते ही कल्पना मात्र निव्वळ कथेपुरती आहे, पण तिचा उपयोग फार चांगला केला आहे. पुढे प्रत्येक जण त्या मुलाला जनावर म्हणतो, तेव्हा पुरावा म्हणून ती गायच पुढे केली जाते.

कथा घडते ती अमेरिका आणि पूर्वीचा मेक्सिको यांच्या मधल्या अफूच्या राज्यात. त्याचा मालक एल पात्रोन वयाची एकशेचाळीस वर्षे ओलांडून जगतो आहे, कारण त्याला लागणारे अवयव पुरवण्यासाठी त्याचेच क्लोन वाढवले जातात. क्लोन जन्मताच इंजेक्शन देऊन त्याची बुद्धी नष्ट करावी, असा कायदा आहे. कादंबरीतील सगळ्यांत भेदक गोष्ट मला हीच वाटली. बुद्धी उरली नाही की समोरचे शरीर माणूस आहे का, हा प्रश्न कोणाला पडतच नाही. म्हणजे कायदा क्लोनपेक्षा इतरांच्या झोपेची काळजी अधिक घेतो. सुरुवातीचे ते बाळ म्हणजे एल पात्रोनचा क्लोन मॅट; त्याला तेवढे ते इंजेक्शन दिले जात नाही, पण यात दया नाही. आपले बालपण पुन्हा पाहण्याची म्हाताऱ्याला हौस आहे, एवढेच.

मॅट सहा वर्षांचा होईपर्यंत अफूच्या शेतातल्या एका घरात, सेलिया नावाच्या स्वयंपाकिणीजवळ वाढतो. एके दिवशी खिडकीबाहेर आलेल्या मुलांच्या ओढीने तो काच फोडून अनवाणी उडी मारतो. मुले त्याला उचलून वाड्यात नेतात, त्याच्या पायातल्या काचा काढणे सुरू होते, सगळे हळहळतात. आणि रक्त पुसताना तळपायावर तो एल पात्रोनच्या आलाक्रान इस्टेटीची मालमत्ता असल्याची अक्षरे दिसतात. त्या क्षणी त्याला बाहेर हिरवळीवर नेऊन टाकले जाते. जखम तीच आणि मूलही तेच असते. लेखिका येथे एका शब्दाचेही भाष्य करत नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

भागांच्या शीर्षकांकडेही लक्ष द्यावे: शून्य ते सहा ‘तारुण्य’, सात ते अकरा ‘मध्यम वय’ आणि बारा ते चौदा ‘वार्धक्य’. अर्थ कळतो तेव्हा मागची पाने पुन्हा उलटावीशी वाटतात. एल पात्रोनची भावंडे गरिबीत लहानपणीच गेली आणि त्यांची न जगलेली आयुष्ये आपल्या हक्काची आहेत, असे त्याचे म्हणणे आहे. हा युक्तिवाद तो इतक्या कळवळ्याने करतो की वाचक क्षणभर मान डोलावतो. मॅटला शेवटी वाचवते ती सेलिया, त्याला थोडे थोडे आर्सेनिक देऊन: त्याचे हृदय त्या म्हाताऱ्याला मारक ठरेल, इतपतच. मालमत्ता म्हणून तो निकामी होतो आणि त्यामुळे जगतो.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सीमेपलीकडच्या अनाथ मुलांच्या कारखान्याचा भाग लांबला आहे आणि तिथले रखवालदार व्यंगचित्रासारखे वाटतात. त्याहून मोठी अडचण शेवटच्या उलगड्याची आहे. एकाच व्यक्तीच्या दोन आवृत्त्या कायद्याला मान्य नाहीत, त्यामुळे मूळ माणूस जिवंत असेपर्यंत क्लोन कोणीच नसतो आणि तो मेल्यावर क्लोन हाच तो माणूस ठरतो, असे मॅटला सांगण्यात येते. कथानकाची गाठ त्याने सुटते खरी, पण मॅट माणूस ठरतो तो स्वतःच्या बळावर नव्हे, तर आपल्या मालकाच्या नावावर. ज्या अन्यायावर एवढे मोठे पुस्तक उभे केले, तो कायद्याच्या पळवाटेने मिटवणे मला पटले नाही. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रजननासाठी मानवी क्लोनिंग करण्यास मनाई आहे. पण असे मूल जन्मलेच तर त्याला कोण म्हणायचे, हा मॅटचा प्रश्न कोणत्याही बंदीने सुटत नाही.

पुस्तकाची इंग्रजी सोपी आहे, मधले स्पॅनिश शब्द संदर्भाने कळतात. मृत्यू, विषप्रयोग आणि मेंदूत चिप बसवून राबवलेले, सांगितल्याशिवाय पाणीही न पिणारे मजूर यांची वर्णने असल्यामुळे तेरा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये. आरंभी पात्रांची यादी आणि वंशावळ छापली आहे, ती भाचीला शेवटी पाहायला सांगितली आहे.